माझ्या गिटारवर वाजलेला त्याचा कीबोर्ड

मुखेडच्या बाजाराच्या मैदानावर, गिटार गळ्यात अडकवलेली असताना, पाचसहाशे माणसांसमोर मला ऑर्केस्ट्रातून काढून टाकलं. ते मी विसरलेलो नाही. विसरावं असं मला कधी वाटलंही नाही.

तेव्हा मी लातूरला टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो. मूळचा नांदेडचा. लातूर वेगळा जिल्हा झाला, एकामागून एक नवी ऑफिसं उघडली, प्रत्येक साहेबाला टेबलावर फोन हवा झाला, म्हणून आमच्यासारख्यांना तिकडं धाडलं होतं. दिवसा खांबावर आणि संध्याकाळी गिटार, असा माझा दिवस जायचा. गिटार मी कुणाकडे शिकलो नव्हतो. नांदेडला आमच्या वस्तीत जयंतीच्या गाण्यांची पार्टी होती, तिच्यात मी बेंजो वाजवायचो. बेंजोवर हात बसला आणि तिथून गिटारकडे वळलो.

लातुरात एका कापड दुकानदाराच्या मुलाचा ऑर्केस्ट्रा होता. त्याला सगळे मालक म्हणायचे, मीही तेच म्हणतो. मालक पेटी वाजवायचा आणि बरी वाजवायचा, हे मी खोटं कशाला बोलू. चार वर्षं मी त्याच्याकडे वाजवलं. गाण्यांतले गिटारचे तुकडे टेपवर ऐकून मी बसवायचो. मध्यंतरानंतर पडदा उघडताना वाजवायला एक धून मी स्वतः बांधली होती. ती सुरू झाली की लोक चहा टाकून जागेवर यायचे.

मग मालकाने मुंबईहून कीबोर्ड आणला. त्याच्याबरोबर इंग्रजी पुस्तक होतं, ते त्याने माझ्याकडे फेकलं. "तुमी वाचा हो, तुमाला वायरीतलं कळतंय." मी महिनाभर ते वाचलं आणि कुठल्या बटणाने सनई, कुठल्याने व्हायोलिन, कुठल्याने गिटार हे त्याला शिकवलं. माझ्या पायावर धोंडा मीच उचलून आणला, हे मला तेव्हा कळलं नाही.

त्यानंतरचा पहिला कार्यक्रम मुखेडला. मध्यंतर संपलं, मी धून सुरू केली, तर आवाजच नाही. मला वाटलं वायर सुटली. खाली वाकून पाहतो तोच माइकवर मालकाचा आवाज आला.

"मंडळी, आजपासून आपल्या ऑर्केस्ट्रात गिटार या डब्यातून वाजणार! माणसाची गरज न्हाई!"

आणि त्याने बटण दाबून माझीच धून वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. माझ्या अॅम्प्लिफायरचा आवाज त्याने आधीच बंद करून ठेवला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा काय दोष? मी मधोमध तसाच उभा. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "ओ गिटारवाले, खाली बसा की. मागचं दिसून न्हाई राहिलं."

परतताना एसटीत मालक माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. जमाना बदलून राहिला." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. अहमदपूर येईपर्यंत मी एकच गोष्ट ठरवली होती, ती ही की याला मी सोडणार नाही.

सूड घ्यायला सोपी वाट माझ्या हातात होती. त्याच्या दुकानाच्या फोनची तार ज्या पेटीतून जायची ती पेटी माझ्याकडे होती. एक स्क्रू सैल केला असता तर त्याचा फोन महिनाभर मेला असता. दोनदा मी ती पेटी उघडली आणि दोनदा बंद केली. त्याने जे केलं ते लोकांसमोर केलं होतं. पेटीतल्या अंधारात केलेला सूड कुणाला दिसणार? मला तो स्टेजवर, उजेडात हवा होता.

माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान, कुवेतला क्रेन चालवायचे. त्यांना मी लिहून टाकलं की गिटारमधून इतर वाद्यांचे आवाज काढणारं यंत्र असतं म्हणतात, मिळालं तर बघा. मिळेल असं वाटलं नव्हतं. पण तिथल्या एका हॉटेलात वाजवणारा फिलिपिनो गिटारवाला काम सोडून मायदेशी निघाला होता. त्याचं जुनं यंत्र दाजी चादरीत गुंडाळून घेऊन आले. एक जड काळा डबा, एक जाडजूड केबल, आणि एक बोटभर रुंदीची पट्टी. ती पट्टी गिटारच्या घोडीजवळ, तारा जिच्यावर टेकतात तिथं, तारांखाली बसवायची. तिच्यात प्रत्येक तारेसाठी वेगळा कान होता. तो कान तारेचा सूर ऐकणार, डबा तो ओळखणार आणि त्याच सुराची सनई, बासरी, काय हवं ते वाजवणार. हेच गिटार सिंथेसायझर.

मी दार लावून पहिल्यांदा वाजवलं तेव्हा बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती नायगावची, बोलायला सरळ.

"काय झालं? कुत्रं चावलं का कुनाला?"

चूक तिची नव्हती. मी एक सूर वाजवला की डबा तीन वाजवायचा. कधी सूर उशिरा यायचा, कधी यायचाच नाही, कधी मी हात उचलल्यावर आपोआप एखादी किंचाळी निघायची. जाड तारेवर तर आधी भलताच सूर आणि मग घसरत खरा. सनई लावली की लग्नघर पेटल्यासारखं वाटायचं. हे घेऊन मी मालकासमोर जाणार होतो!

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातुरात टँकर यायचा त्या दिवशी गल्लीत कुणाला दुसरं काम नसायचं. बायको हंडे लावायची, मी तेव्हा सकाळपाळीला होतो, दुपारी घरी येऊन ते आत घ्यायचो. वीज यायची तेव्हा दुपारचे चार तास, तीही अशक्त. बल्ब पिवळा पडला की माझा डबा बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा आणि मी लावलेलं सगळं विसरायचा. शेवटी खात्यातल्या एका जुन्या मित्राकडून स्टॅबिलायझर आणला, तेव्हा डबा शुद्धीवर राहू लागला.

पण आवाज काही सुधारेना. रोज दुपारी मी तसाच झटत होतो आणि रोज मालकाचं ते वाक्य माझ्या डोक्यात वाजत होतं. माणसाची गरज न्हाई. मला राग यायचा आणि रागात मी तारा जोरात ओढायचो. जोरात ओढलं की डबा आणखी बहकायचा.

एका रविवारी मी गिटार घेऊन नांदेडला चाचांकडे गेलो. चाचा जुन्या गावात पेट्या, सतारी, बेंजो दुरुस्त करायचे. माझा पहिला बेंजो त्यांच्याच हातचा. सत्तरीला आले होते, एका डोळ्याने कमी दिसायचं, पण कान शाबूत. मी सगळं सांगितलं, मुखेडचंही सांगितलं. त्यांनी माझी गिटार डोळ्यासमोर आडवी धरून पाहिली.

"लकडी सूख गई रे. पानी नहीं ना इस साल. गर्दन टेढ़ी होके बैठी है."

खरंच दांडी वाकली होती. तारा दांडीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पडद्यांवर घासून बारीक झणझणत होत्या. कानाला ते फार जाणवत नव्हतं, पण त्या पट्टीला जाणवत होतं. एका सुराबरोबर तिला चार कुजबुजी ऐकू येत होत्या आणि त्यातला खरा कुठला हे तिला कळत नव्हतं.

चाचा हसायला लागले. "सारी उमर सतार में जवारी डालते गुजरी. अब तू बोल रहा, जवारी निकालो!" सतारीची तार घोडीवर हलकी घासून जो झंकार देते ती जवारी, आणि ती साधण्यासाठी लोक लांबून त्यांच्याकडे यायचे. माझ्यासाठी त्यांनी तोच झंकार मारायचं काम केलं. दांडीतला लोखंडी गज पिळून ती सरळ केली, वर आलेले पडदे कानस मारून एका पातळीत आणले, घोडी केसभर उचलली. मग तारा पाहून त्यांनी कपाळाला हात लावला.

"ये तारां है की झाडू? गंज लगे सो फेक."

नव्या, थोड्या जाड तारा चढवल्या. जाड तार ताणलेली राहते, फार हेलकावत नाही, म्हणून पट्टीला ती नीट ऐकू येते. पट्टी तारांच्या किती जवळ असावी हे आम्ही पोस्टकार्ड घडी घालून मोजलं. सगळ्यात वरच्या पडद्यावर बोट दाबायचं आणि तार व पट्टीमध्ये पोस्टकार्डाची एक घडी जेमतेम सरकली पाहिजे. लांब गेली तर ऐकत नाही, चिकटली तर तार तिच्यावर आपटते.

निघताना चाचांनी माझा उजवा हात धरला. "मशीन को नक्को मार बेटा. मारना है तो उसको मार, जिसने तेरे को मारा. मशीन के सामने हाथ ठंडा रख."

हे त्यांचं म्हणणं मी मनावर घेतलं. राग संपवला नाही, फक्त हातातून काढून दुसरीकडे ठेवला.

त्यानंतर पाच महिने मी नुसता हात धुतला म्हणा. आधी डब्यात प्रत्येक तारेची संवेदना वेगळी लावली. सगळ्यात जोरात छेडल्यावर डब्यावरचा काटा टोकाला टेकायच्या आत थांबला पाहिजे, आणि हलकं छेडलं तरी हलला पाहिजे. मग माझ्या वाजवण्यातली घाण दिसू लागली. बोट उचलताना शेजारच्या तारेला लागायचं, त्याचा भुताटकीचा सूर निघायचा. म्हणून उजव्या तळहाताची कड न वाजणाऱ्या तारांवर ठेवायची सवय केली, डाव्या हाताचं रिकामं बोट आडवं पसरून बाकीच्यांना गप्प करू लागलो. एक सूर पूर्ण दाबून ठेवायचा, तो सोडल्यावरच पुढचा धरायचा.

जाड तारेचा उशीर मात्र हटत नव्हता. त्याचं कारण डब्याबरोबर आलेल्या पुस्तकात सापडलं. तार एकदोन झोके पुरे घेईपर्यंत डब्याला तिचा सूर कळत नाही, आणि जाड तार झोके सावकाश घेते. मग मी खर्जातले तुकडे बारीक तारांवर वाजवू लागलो आणि डब्याला सांगून ठेवलं की हे दोन सप्तकं खाली उतरव. उशीर जवळजवळ गेला. पियानोचा आवाज लावला तर उरलासुरला उशीरही उघडा पडायचा, व्हायोलिनमध्ये तो विरघळून जायचा. म्हणून कुठली वाद्यं आपली आणि कुठली नाहीत हेही ठरवून टाकलं.

या सगळ्याची परीक्षक माझी बायको. ती दाराकडे पाठ करून ज्वारी निवडायची आणि मी आत वाजवायचो.

"अडकलं."

पुन्हा.

"आता दोन वाजले."

पुन्हा.

एक दिवस ती काहीच बोलली नाही. मी अख्खी धून संपवून बाहेर आलो तर ती म्हणाली, "कुनाची सनई लागली होती रेडिओवर? लई गोड होती." मी तिच्यासमोर सूप घेऊन खाली बसलो आणि ज्वारी निवडू लागलो.

तरीही माझा सूड एवढ्यावर नव्हता. माझ्या डब्याच्या मागे पाच बारीक छिद्रांचं एक गोल भोक होतं. तसलंच भोक मालकाच्या कीबोर्डच्या मागे होतं, हे मला पुस्तक वाचलं तेव्हापासून माहीत होतं. त्याला मिडी म्हणतात. दोन्हींमध्ये एक वायर लावली की एका वाद्यावर वाजवलेलं दुसऱ्यातून वाजतं. मालकाने ते भोक कधी पाहिलंही नव्हतं. मी वाजवणार गिटार आणि बोलणार त्याचा कीबोर्ड, हे मला हवं होतं.

नशीब असं की एका बँडवाल्याचा तसाच कीबोर्ड पट्ट्या अडकल्या म्हणून चाचांकडे आला. मी दोन रविवार चाचांच्या दुकानात त्याच्याशी झुंजलो. माझा डबा सहा तारांचे सूर सहा वाटांनी पाठवायचा, तो कीबोर्ड मात्र एकच वाट ऐकायचा. मग सगळं एका वाटेवर आणलं. तसं केल्यावर एक तार ओढून सूर चढवला की सगळेच सूर चढायचे आणि जत्रेतल्या पाळण्यासारखे हेलकावायचे. म्हणून डब्यात तार ओढण्याचा परिणाम बंद करून टाकला आणि स्वतःला बजावलं की त्या दिवशी तार ओढायची नाही. चाचा पान चघळत पाहत होते. म्हणाले, "बहुत खतरनाक आदमी है रे तू."

संधी आली ती दुष्काळानेच. जिल्ह्यातल्या सगळ्या ऑफिसांच्या कर्मचाऱ्यांनी दुष्काळाच्या मदतीसाठी कार्यक्रम ठेवला. वीज दुपारीच असायची म्हणून वेळ दुपारची, भर मांडवात. ऑर्केस्ट्रा मालकाचा. कर्मचाऱ्यांतल्या कलाकारांना एकेक गाणं द्यायचं ठरलं आणि टेलिफोनकडून माझं नाव गेलं. मालकाला नाही म्हणता येईना.

मांडव माणसांनी गच्च होता. साहेब पुढे, त्यांच्या मागे आमच्यासारखे, कडेला टँकरचे ड्रायव्हरसुद्धा. माझी पाळी आली. मालकाने माइकवर ओळख करून दिली. "हे आपले जुने गिटारवाले. आता फोन दुरुस्त करतात." लोक हसले. मीही हसलो.

मी डबा मांडला, केबल लावली, आणि माइकजवळ जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मालक, तुमच्या कीबोर्डला मागून एक वायर लावू का?"

"कशाला?"

"थोडी मदत होईल मला."

तो लोकांकडे पाहून हसला. "लावा की! आमच्या डब्याच्या मदतीबिगर गिटारवाल्याचं भागत न्हाई, बघा मंडळी."

मी वायर लावली. त्याने कीबोर्डवर सनई लावून ठेवली होती ती तशीच राहू दिली. मग म्हणालो, "आता हात काढा."

"आँ?"

"हात वर घ्या, मालक."

त्याने गंमत समजून दोन्ही हात वर केले. मी हलकेच तार छेडली. त्याच्या कीबोर्डातून सनई निघाली.

मांडवात आधी कुणाला काही कळलं नाही. मी माझी मुखेडची धून सुरू केली, सावकाश, एकेक सूर स्वच्छ. मालकाचे हात वर आणि त्याचा डबा गातोय. मागून कुणीतरी ओरडलं, "आरं, मालक हात न लावता वाजवून राहिला!" दुसरा म्हणाला, "न्हाई रे, ते गिटारवाले बघ!" मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि जो गलका उठला तो अजून माझ्या कानात आहे.

मालकाचं तोंड उतरत गेलं ते मी नीट पाहिलं. त्यासाठीच मी त्याच्याकडे तोंड करून उभा होतो. त्याने हात खाली आणून पट्ट्या दाबल्या, पण माझ्या सुरांत त्याचे सूर भांडायला लागले, लोक ओरडले, "हात काढा! हात काढा मालक!" त्याने पुन्हा हात उचलले. मी पायाने बटण दाबून माझ्या डब्यातलं व्हायोलिन खाली मिसळलं आणि धून दुसऱ्यांदा घेतली, गरज नसताना. शेवटी त्याने चिडून कीबोर्डची पिन उपटली. सनई तुटली, पण व्हायोलिन चालूच होतं. मी उरलेली धून पुरी केली आणि माइकवर एवढंच म्हणालो, "माणसाची गरज असते, मालक."

घरी जाताना बायकोने विचारलं, "झालं समाधान?"

"न्हाई."

खरंच झालं नव्हतं. गोड लागलं होतं, पण पोट भरलं नव्हतं. मी स्वतःची पार्टी काढायला निघालो आणि मालकाच्या ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या बाईंना तिच्यात बोलावलं, तर त्यांनी साफ सांगितलं, "तुमाला गाणं नको, तुमाला त्यो मानूस पायजे. मी न्हाई येत." त्या उदगीरला निघून गेल्या. मला पार्टी मिळाली, पण तसा गळा पुन्हा मिळाला नाही.

पावसाळ्यानंतर एके दिवशी मालक आमच्या एक्स्चेंजवर आला. मी त्याला व्हरांड्यातल्या बाकावर तासभर बसवून ठेवलं, आत काहीच काम नव्हतं. मग बाहेर गेलो. तो खाली मान घालून म्हणाला, "मुखेडला माझं चुकलं. तवा अक्कल न्हवती." जरा थांबून म्हणाला, "भाचा पुण्याहून दुसरा कीबोर्ड आणून राहिला. दोन्ही एकदम वाजवायचे हायेत. ती वायर कशी लावायची, तेवढं सांगता का?"

एका डब्यात सूर बाहेर जायचं भोक असतं, दुसऱ्यात आत यायचं. ही दोन जोडायची, बस. मी कागद घेतला, दोन्ही कीबोर्डांची चित्रं काढली, आणि बाहेरचं भोक बाहेरच्याला जोडून दाखवलं. तसं जोडून कुठलाच सूर कुठे गेला नसता. कागद त्याने घडी घालून वरच्या खिशात ठेवला, मला हात जोडले आणि जुन्या लुनावर बसून गेला.

बायकोला मी हे हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. "जा आन् खरं सांगून या," म्हणाली. मी गेलो नाही.

पुढे माझ्याकडे उमरीपासून देगलूरपर्यंतची मुलंमाणसं गिटारचं, मिडीचं विचारायला यायची. त्यांना मी काही लपवलं नाही, तासन् तास बसून दाखवलं. मालकाला ती वायर खरी कशी लावायची ते पुढे कुणीतरी सांगितलं असेल, किंवा त्याने नाद सोडला असेल, मला माहीत नाही, मी चौकशी केली नाही. तो माणूस आता नाही. बाकावर मान घालून बसलेला तो मला अधूनमधून आठवतो, आणि लाज वाटायला हवी असं बायको म्हणते. मी मनात शोधून पाहतो. ती सापडत नाही. त्या कागदावर चित्रं काढताना माझा हात किती थंड आणि स्थिर होता, तेवढंच सापडतं.